पत्रपेटीवर तुमचं आडनाव

जर्मनीत इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते. त्या पेट्यांवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. पत्ता लिहितानाही रस्ता, घर क्रमांक, पिनकोड आणि गाव एवढंच लिहितात. ‘तिसरा मजला, डावीकडचा फ्लॅट’ असलं काही पोस्टमन वाचत बसत नाही. तो आडनाव शोधतो, सापडलं तर पाकीट पेटीत टाकतो, नाही सापडलं तर परत पाठवतो. मी स्टुडंट एक्सचेंजला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात बँकेने पाठवलेलं पिनचं पाकीट असं परत गेलं. खोली होती, भाडं भरलेलं होतं, किल्ली खिशात होती. पण पेटीवर आडनाव होतं ते खोली मूळ ज्याची होती त्याचं, आणि आपल्या घरात पुण्याची कुणी मुलगी पाच महिने राहणार आहे याचा घरमालकाला पत्ताच नव्हता. माझं नाव लावलं तर त्याला कळणार, आणि कळलं तर आम्ही दोघंही बाहेर. पुढचे तीन आठवडे मी सोबत नेलेल्या नोटा मोजत काढले आणि ऐन नोव्हेंबरात पुन्हा खोली शोधायला लागले.

म्हणून ‘तिकडे खोली कशी शोधायची’ असं मुलं विचारतात तेव्हा मी आधी पत्त्याबद्दल बोलते. खोली बारा चौरस मीटरची असो की वीस, तिच्यामुळे तुम्हाला सरकारदरबारी पत्ता मिळतो का, हे पहिल्यांदा बघायचं. एका सेमिस्टरसाठी जर्मनीत राहायला आलेल्यालाही घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. याला आनमेल्डुंग म्हणतात. तिथे जाताना घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. शब्द पाठ झाला नाही तरी चालेल, कागद मात्र हवाच. नुसता भाडेकरार पुढे केला तर खिडकीमागची बाई तो शांतपणे परत सरकवते. नोंदणीचा दाखला हातात नसेल तर बऱ्याच बँका खातं उघडायला खळखळ करतात, खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या रकमेतले, दरमहाचे पैसे सुटत नाहीत, आणि व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली तर तिथेही पहिला कागद हाच मागतात.

जाहिरातीत ‘आनमेल्डुंग निश्त म्योग्लिश’, म्हणजे नोंदणी होणार नाही, असं लिहिलेलं दिसलं की पुढची जाहिरात बघा. भाडं कितीही कमी असलं तरी. सुट्टीसाठी तात्पुरत्या मिळणाऱ्या बहुतेक जागांचंही तेच.

हे सगळं जर्मनीबद्दल आहे, कारण मला तो एकच देश आतून माहीत आहे. नेदरलँड्सला किंवा जपानला जाणाऱ्यांनी यातलं फसवणुकीबद्दलचं आणि घर सोडतानाचं वाचावं, बाकी आपापल्या विद्यापीठाला विचारावं.

मे महिन्यातली चौकट

पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांपेक्षा एक्सचेंजवाल्यांना एक मोठी सवलत असते आणि बरेचजण ती हातची घालवतात. जर्मनीत वसतिगृहं सहसा विद्यापीठ चालवत नाही. त्या-त्या भागात श्टुडिअरेंडनवेर्क नावाची वेगळी संस्था असते, ती चालवते. मेन्सा म्हणतात ती विद्यार्थ्यांची खानावळही तिचीच. या संस्थेच्या वोनहाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, जागा मिळायला मोठ्या शहरांत सेमिस्टरच्या सेमिस्टर थांबावं लागतं. म्युनिकच्या ऑलिम्पिक गावातल्या विद्यार्थी वस्तीचंच बघा. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये महिला खेळाडूंसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या जागी आता तशाच हजाराहून जास्त छोट्या घरांची वस्ती आहे, मुलं आपापल्या घराची भिंत हवी तशी रंगवतात, आणि तिथला नंबर लागेपर्यंत एखाद्याचं शिक्षण निम्मं होऊन जातं.

तुमचं अख्खं वास्तव्यच एका सेमिस्टरचं. त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही आणि तशी गरजही नसते, कारण अनेक विद्यापीठांच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे एक्सचेंजच्या मुलांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असतात. तुमच्या कॉलेजने तुमचं नाव कळवलं की तिकडून ऑनलाइन अर्ज येतो. त्यात बरंच काही भरल्यावर कुठेतरी खाली एक चौकट येते: वसतिगृहात खोली हवी आहे का? ती टिक करायची. काही ठिकाणी चौकटीऐवजी वेगळा अर्ज असतो, काही ठिकाणी श्टुडिअरेंडनवेर्ककडे स्वतः लिहावं लागतं. ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या हिवाळी सेमिस्टरसाठी ही मुदत बऱ्याच जागी मे ते जुलैच्या दरम्यान संपते. आपल्याकडे तेव्हा परीक्षा नाहीतर निकाल चालू असतात आणि घरात एकच पालुपद असतं, ‘आधी व्हिसा तर होऊ दे.’ व्हिसा ऑगस्टमध्ये होतो. तोवर खोल्या गेलेल्या असतात. खोलीचा अर्ज व्हिसाच्या आधी, नंतर नको.

खोली मिळाल्याचं ईमेल आलं की उत्तराला मोजके दिवस देतात. पसंती-नापसंतीला फारसा वाव नसतो. स्वयंपाकघर दहा जणांत आहे, खोली विद्यापीठापासून पाऊण तास लांब आहे, न्हाणीघर सामाईक आहे, म्हणून नकार देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकाने सप्टेंबरात मला रात्री अकराला फोन केला होता. घ्या ती खोली. लांब असली तरी प्रवासाचा खर्च बहुधा वाढत नाही: एक्सचेंजवाल्यांना तिकडची फी माफ असली तरी सेमिस्टर शुल्क भरावं लागतं आणि अनेक विद्यापीठांत लोकल, ट्राम, बसचा पास त्यातच येतो.

होकार देताना बहुधा अनामत भरायला सांगतात, आणि इथे एक बारीक भानगड होते. भारतातून युरो पाठवताना बँक ए-टू फॉर्म भरून घेते, पॅन मागते, ते ठीकच. पण फॉर्ममध्ये खर्च कुणी सोसायचा असा एक रकाना असतो. तो तसाच सोडला किंवा ‘वाटून’ असं लिहिलं, तर मधल्या बँका वाटेत आपापलं काढून घेतात आणि तिकडे ४०० ऐवजी ३८० युरो पोचतात. वसतिगृहाच्या संगणकाला ३८० म्हणजे अनामत भरलेली नाही. सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, म्हणजे ‘अवर’, हा पर्याय घ्या. तालुक्याच्या शाखेत काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी जाऊ नका. पावतीचा फोटो त्याच दिवशी वसतिगृहाला ईमेल करा.

कराराच्या तारखाही नीट बघा. तो बहुतेकदा पूर्ण सेमिस्टरचा असतो: १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, किंवा १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. तुमची परीक्षा फेब्रुवारीत संपली आणि तुम्ही परत आलात तरी मार्चचं भाडं चुकत नाही. घरी हिशोब मांडताना चार महिन्यांचा न मांडता सहा महिन्यांचा मांडा.

किती भाडं ठीक?

सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या दराने पैसे दाखवावे लागतात, वर्षाचे ११,९०४. हा आकडा सरकारने काढलेला कमीत कमी खर्च आहे, त्यात चैन बसत नाही. श्टुडिअरेंडनवेर्कची खोली साधारण अडीचशे ते चारशे युरोंत मिळते. बाहेर म्युनिकमध्ये दुसऱ्यांबरोबरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीला आठशेच्या आसपास पडतात, आणि केम्निट्झसारख्या पूर्वेकडच्या शहरात त्याच्या निम्म्याहून कमी. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी जी मदत देतं तिच्यात घरभाड्यापोटी ३८० युरो धरलेले असतात. म्युनिकच्या मुलाला ते पुरत नाहीत हे तिथेही सगळे जाणतात. मित्र म्युनिकला चाललाय म्हणून तुम्हीही तिकडे जाऊ नका. विद्यापीठ निवडायची संधी असेल तर शहराचं भाडं बघूनच निवडा, मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे ‘थंड भाडं’, नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. तुलना नेहमी गरम भाड्याची करायची. त्यातही वीज आणि इंटरनेट आहे की नाही हे विचारून घ्यायचं, कारण वीज बऱ्याचदा वेगळी असते. शिवाय रेडिओ-टीव्हीचं शुल्क असतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो, तुमच्याकडे टीव्ही असो वा नसो. नाव नोंदवल्यावर त्याचं पत्र आपसूक येतं. फ्लॅटमधला एखादा आधीच भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवला की पुरतं. पत्र कचऱ्यात टाकलं तर पुढची पत्रं दंडासकट येतात.

अनामतीला कायद्याने मर्यादा आहे: जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि तेही तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. दलालाने गिऱ्हाइकाकडे पैसे मागितले तर देऊ नका. २०१५ पासून नियम असा आहे की दलाल ज्याने बोलावला त्याने त्याचे पैसे द्यायचे, आणि बोलावणारा बहुधा घरमालकच असतो.

आणि ‘म्योब्लिअर्ट’, म्हणजे सामानासकट, हा शब्द शोधा. त्याशिवायच्या घरात खरोखर काहीही नसतं. छताला दिव्याऐवजी दोन वायरी लोंबतात आणि स्वयंपाकघरात ओटाच काय, सिंकही नसतं, कारण आधीच्या भाडेकरूने ते स्वतःचं म्हणून उचलून नेलेलं असतं. पाच महिन्यांसाठी सिंक विकत घ्यायला तुम्ही गेलेले नसता.

वेगे

वसतिगृह हुकलं तर उरते वेगे. दोन ते पाच-सहा जण मिळून एक फ्लॅट, प्रत्येकाला आपली खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांचं. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना वाटतं, हे तर आपल्याला माहीत आहे. तसं नाही. कॉट बेसिसला काकू भाडं सांगतात, आपण ‘थोडं कमी करा’ म्हणतो, संध्याकाळी बॅग घेऊन येतो. वेगेत आधीपासून राहणारी मुलं तुमची मुलाखत घेतात. त्याला ते अर्ध्या थट्टेत ‘कास्टिंग’ म्हणतात. एका खोलीला शंभर निरोप येतात, त्यातल्या सात-आठ जणांना ती बोलावतात किंवा व्हिडिओ कॉल करतात.

वेगे-गेझुख्ट या संकेतस्थळावर सगळ्यात जास्त जाहिराती असतात. तिथे शोधताना ‘त्स्विशनमीटे’ हा शब्द लक्षात ठेवा. खोलीचा मूळ भाडेकरू सहा महिने बाहेर जातोय, कदाचित स्वतः एक्सचेंजलाच, आणि तेवढ्यापुरती खोली दुसऱ्याला देतोय, असा त्याचा अर्थ. एक्सचेंजवाल्याच्या मापाची गोष्ट हीच: ठरावीक मुदत, सामान आत, फ्लॅटमध्ये लोक आधीपासून राहणारे. मीही हेच केलं होतं, फक्त एक प्रश्न विचारला नव्हता. पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी आहे ना? ती लेखी दाखवायला सांगा. आणि आनमेल्डुंगचा तो लांबलचक नावाचा कागद कोण देणार आणि कधी, हे करारातच लिहून घ्या. विचारताना संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. जर्मन माणसाला त्यात काही वाटत नाही. न विचारण्याचंच त्याला नवल वाटतं.

पहिला निरोप जर्मनमध्ये लिहा, मोडकातोडका असला तरी. सगळ्यांना एकच मजकूर पाठवणारे लगेच ओळखू येतात, म्हणून जाहिरात खालपर्यंत वाचा. काहीजण मुद्दाम मध्येच लिहून ठेवतात की उत्तरात तुमच्या आवडत्या भाजीचं नाव लिहा. ‘मी प्रामाणिक, मेहनती आणि स्वच्छताप्रिय आहे’ हे बायोडाटातलं वाक्य कामाचं नाही. रविवारी काय करता, सकाळी लवकर उठता का, स्वयंपाक येतो का, फ्लॅटमध्ये एकत्र जेवायला आवडतं की दार लावून अभ्यास करायला, हे त्यांना हवं असतं. ‘त्स्वेक-वेगे’ असं लिहिलं असेल तर त्यांना गप्पाबिप्पा नको आहेत, फक्त भाडं वाटून घ्यायचंय. काहींना तेच बरं पडतं. शाकाहारी असाल तर सांगून टाका, तिकडे शाकाहारी मुलं भरपूर आहेत आणि त्याने तुमचं पारडं जडही होऊ शकतं. एकाच तव्यावर मांस चालणार नसेल तर तेही आधीच सांगा, नंतर धुसफूस नको.

चाळीस निरोपांना तीन उत्तरं आली तर ती वाईट सरासरी नाही. परकं नाव बघून काहीजण उत्तर देत नाहीत, हेही खरं आहे. मनाला लावून न घेता एक्केचाळिसावा निरोप पाठवा. आणि शहराचा हट्ट सोडा. श्टुटगार्टला निघालेल्यांनी एसलिंगन, ल्युडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन बघावं, ट्युबिंगनवाल्यांनी रॉयटलिंगन किंवा रोटेनबुर्ग. लोकलने वीस-तीस मिनिटांचा प्रवास असतो, डोंबिवलीकराला हसू येईल इतका. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण खोली मिळायला त्याचा काही उपयोग होत नाही.)

फसवणारे पैसे कुठे मागतात

मध्यवर्ती भागात प्रशस्त, पांढऱ्याशुभ्र सोफ्याची खोली तीनशे युरोंत दिसली की थांबा. गोष्ट जवळजवळ नेहमी एकच असते. मालक नोकरीनिमित्त लंडनला आहे, घर दाखवायला येऊ शकत नाही, माणूस सज्जन आहे, मुलीचा फोटोही पाठवतो. तुम्ही अनामत आणि पहिलं भाडं भरा, किल्ली कुरिअरने येईल, नाही आवडलं तर पैसे परत. किल्ली येत नाही. परदेशातून शोधणाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन खोली बघता येत नाही हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं, म्हणून त्यांचा डोळा एक्सचेंजवाल्यांवरच असतो.

व्हिडिओ कॉल करा, आणि कॉलवर त्याला खोली दाखवायला सांगून थांबू नका. ‘जरा खाली जा आणि दारावरची घंटा आणि पत्रपेटी दाखव’ असं म्हणा. पेटीवर त्याचं आडनाव दिसलं पाहिजे. खिडकीतून बाहेरचा रस्ता दाखवायला सांगा, तो नकाशावर जुळतो का पाहा. फोटो इंटरनेटवर उलटे शोधून बघा, तोच सोफा तीन देशांत सापडतो. करार सही होईपर्यंत एक पैसाही पाठवू नका. पासपोर्टची प्रत तर त्याहून जपा, तिच्यावर तुमच्या नावाने दुसऱ्याला फसवतात. शक्य असेल तर त्या शहरात आधीच असलेल्या कुणाला तरी खोली बघून यायला सांगा. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, तुमच्या कॉलेजचा मागच्या वर्षीचा कुणीतरी असतोच.

मात्र ‘आपलाच माणूस’ म्हणून डोळे मिटू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आपल्याच लोकांच्या ग्रुपमध्ये हातोहात दिल्या जाणाऱ्या खोल्यांत परवानगी नसलेलं पोटभाडं पुष्कळ असतं. एका खोलीत तिघं, नोंदणी फक्त एकाची, आणि वर ‘खोली मिळवून दिली’ म्हणून शंभर-दोनशे युरो रोख. मला पहिली खोली अशीच मिळाली होती.

पहिला आठवडा

विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी वसतिगृहाच्या हाउसमाइस्टरची वेळ विचारा. आपल्याकडच्या वॉचमनसारखा तो रात्रंदिवस दाराशी नसतो. किल्ली त्याच्याकडे असते आणि तो कामाच्या दिवशी ठरलेल्या वेळेतच भेटतो, पुष्कळदा फक्त सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी उतरणारा सोमवारी सकाळपर्यंत रस्त्यावर. उशिरा पोचणार असाल तर आधीच ईमेल करा, किंवा दोन रात्री यूथ हॉस्टेल धरून ठेवा. करार १ ऑक्टोबरचा आणि ओरिएंटेशन २० सप्टेंबरला, असं तर कितीतरी वेळा होतं. मधले दहा दिवस कुठे राहायचं हेही इथूनच ठरवून जायचं.

खोलीत पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट असतं. पांघरूण, उशी, भांडी बहुधा नसतात. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली तेवढी उघडी सापडतात. एक सोलापुरी चादर बॅगेत तळाशी न ठेवता वर ठेवा. पहिल्या रात्री ती लागते.

किल्ली घेताना खोलीची स्थिती लिहिलेला कागद देतात, त्यावर सही करायची असते. प्रवासाने डोळे मिटत असतात तेव्हा नेमका हा कागद समोर येतो. तरीही खोली बघा. टेबलावरचा चरा, गादीवरचा डाग, खिडकीची न फिरणारी कडी, सगळं त्यावर लिहून मागा आणि तारखेसह फोटो काढा. जे लिहिलेलं नाही ते निघताना तुमच्या नावावर लागतं. किल्लीही जपा. इमारतीचं मुख्य दार आणि खोलीचं दार पुष्कळदा एकाच किल्लीने उघडतं, ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. तिकडे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा हाफ्टफ्लिश्ट नावाचा विमा बहुतेक सगळे काढतात. काढताना त्यात किल्ली हरवणं धरलंय का, एवढं विचारा. आणि खोलीचं दार नुसतं ओढलं तरी कुलूप लागतं. कचरा टाकायला जाताना किल्ली खिशात ठेवा, नाहीतर रविवारच्या दिवशी कुलूपवाल्याला बोलवायचे पैसे महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त होतात.

नगरपालिकेच्या कचेरीची वेळ करार हातात पडल्या-पडल्या, भारतातूनच ऑनलाइन घ्या. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. आणि पत्रपेटीवर नाव लावा. हाउसमाइस्टर पट्टी देईपर्यंत कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलं तरी पोस्टमनला चालतं. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली ‘बाय’ लिहून पेटीवरचं आडनाव लिहा.

जिन्यात लावलेले नियम वाचून पुणेकराला घरी आल्यासारखं वाटेल. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. काच या डब्यात, कागद त्यात, प्लॅस्टिक पिवळ्यात. श्टुटगार्टच्या बाजूला अजूनही काही इमारतींत ‘केर्वोख’ची पाटी दाराच्या मुठीला अडकवलेली सापडते: या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. झाडून झाला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. नियम न आवडणं वेगळं, पण पाटी दोन आठवडे आपल्याच दाराला ठेवलेली कुणी विसरत नाही.

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, बाहेर उणे तापमान असलं तरी. आपण थंडी म्हणून सगळं बंद करून भात शिजवतो, कपडे खोलीतच वाळत घालतो आणि जानेवारीत खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ती भाडेकरूची चूक धरतात. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडा. धुराची घंटा वाजते आणि वसतिगृहाची घंटा थेट अग्निशमन दलाला जोडलेली असेल तर बंब येऊन उभा राहतो. त्याचं बिल कुणाच्या नावे येईल ते सांगायला नको.

निघताना

अनामत परत मिळणं न मिळणं हे शेवटच्या दोन दिवसांच्या साफसफाईवर असतं. तिकडच्या जड पाण्याने नळावर, न्हाणीघराच्या काचेवर पांढरी पुटं चढतात. सुपरमार्केटात एक-दोन युरोंना मिळणारं व्हिनेगरचं अर्क-पाणी लावून ठेवलं तर निघतात. पांढऱ्या ओट्यावरचा हळदीचा डाग मात्र त्याने निघत नाही. तो पडल्या दिवशीच पुसायचा, किंवा ओट्यावर जुनं वर्तमानपत्र घालून मगच डबा उघडायचा. फ्रीज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळवा.

खोली दाखवून द्यायची वेळ हाउसमाइस्टरकडून आठवडाभर आधी मागा आणि ती विमानाच्या दिवशी ठेवू नका. देश सोडताना नगरपालिकेत नाव काढायचं असतं, ते निघण्याच्या आधीच्या आठवड्यात करता येतं. त्याचा दाखला रेडिओ-टीव्हीवाल्यांना पाठवा, नाहीतर त्यांची बिलं तुमच्या नावाने चालूच राहतात. अनामत लगेच मिळत नाही. हीटिंगचा, पाण्याचा हिशोब व्हायला खासगी घरात सहा महिनेही जातात. तोवर जर्मन खातं बंद करू नका, आणि ते बंद केलंच तर भारतातल्या खात्याचा स्विफ्ट क्रमांक लेखी देऊन या.

पत्रपेटीवरची पट्टी काढा. आणि किल्ली परत केल्याची सही-तारखेची पावती घेतल्याशिवाय स्टेशनकडे निघू नका.